ओट्यावरची यंत्रं – लेखांक ११ : गरम वाऱ्याची भट्टी

भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाला एअर फ्रायर समजावून सांगावा लागत नाही. रंगाची भुकटी मारलेला पत्र्याचा भाग हुकाला टांगून भट्टीत जातो. आत हीटर आणि ब्लोअर असतात, १८० ते २०० अंश सेल्सिअसची हवा सारखी फिरत राहते आणि दहा-वीस मिनिटांत भुकटी वितळून पत्र्यावर पक्की बसते. हवा नुसती तापवून भागत नाही, ती फिरवावी लागते. भाग एकमेकांना चिकटवून टांगले तर मधली बाजू कच्ची राहते आणि तो माल इन्स्पेक्शनला परत येतो. एअर फ्रायरची रचना हीच आहे. वर विजेची कॉइल, तिला लागून पंखा, खाली जाळीची टोपली आणि साधारण २०० अंशांपर्यंत जाणारं तापमान. टोपली गच्च भरली की वड्या मधून पांढऱ्या राहतात, त्याचं कारणही तेच.

हे आधीच सांगून टाकायचं कारण म्हणजे खोक्यावरची जाहिरात. दिवाळीचा बोनस झाला की पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत या यंत्रांची रास लागते आणि प्रत्येक खोक्यावर तेलाशिवाय तळण्याचं आश्वासन असतं. घेणारा कुरकुरीत कांदाभजी डोळ्यांपुढे ठेवून पैसे मोजतो, पंधरा दिवसांत हिरमुसतो आणि यंत्र माळ्यावर जातं. यंत्राचा त्यात दोष नाही. ते भाजतं, आणि उत्तम भाजतं. ज्याला भाजण्याचं यंत्र हवं आहे त्याला ते आवडेल.

कल्पना जुनीच. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी पंख्याची छोटी भट्टी तयार केली होती. आजचं घरगुती रूप नेदरलँड्सच्या फ्रेड व्हान डर वाय यांचं. फिलिप्सनं ते २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं. चाकणकरांना फिलिप्सची पाटी ओळखीची आहे, पण इथल्या कारखान्यात रुग्णालयांची यंत्रं बनतात. घरगुती उपकरणांचा धंदा कंपनीनं २०२१ मध्ये विकून टाकला. आज त्या नावाचा एअर फ्रायर मिळतो, तो दुसऱ्या मालकाचा.

आता कढईकडे वळू. १७०-१८० अंशांच्या तेलात भजं सोडलं की पीठ सगळीकडून एकदम तापतं आणि त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर उसळतं. आपल्याला दिसतात ते बुडबुडे म्हणजे ही वाफ. तेल हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगानं उष्णता देतं, म्हणून सैल पीठसुद्धा ओघळायच्या आत धरतं. वाऱ्याला तो वेग नाही. भज्यांचं पीठ टोपलीत घातलं तर अर्धं जाळीतून खाली जातं आणि उरलेलं कोरडं, पिठूळ होऊन बसतं. बटाटेवड्याचंही तसंच. त्याचं बेसनाचं पातळ आवरण तेलाशिवाय फुगत नाही. ज्यांनी वाऱ्यावरचे बटाटेवडे म्हणून फोटो टाकले आहेत, त्यांनी ते खाऊन झाल्यावर काय म्हटलं हे विचारावं.

पदार्थ तेल कधी पितो, हेही पाहण्यासारखं आहे. कढईत असताना आतून वाफेचा जोर असतो, तो तेलाला फारसं आत शिरू देत नाही. बाहेर काढल्यावर वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल ताटात आल्यावर मुरतं. झाऱ्यावर नीट निथळून, झटकून, कढत असतानाच कागदावर टाकणाऱ्या आज्या या बाबतीत अगदी बरोबर होत्या. एवढ्यानंही तेल कमी होतं, आणि त्याला यंत्र लागत नाही.

वाऱ्याला काय जमतं? जे आधी शिजलेलं आहे आणि फक्त बाहेरून खरपूस व्हायचं आहे, ते सगळं. अळूवडी आणि कोथिंबीर वडी आधी उकडलेल्याच असतात. कापून ब्रशनं तेल फिरवलं की १८० अंशांवर दहा-बारा मिनिटांत छान होतात. साबुदाणा वडा तेलात फुटून अंगावर उडतो, ती भीती इथे नाही. मात्र तो गरम असतानाच खावा, निवला की चिवट होतो. रवा लावलेली सुरमई चालते. करंजी बरी होते. चकलीला मोहन थोडं वाढवावं लागतं, तरी ती भाजणीच्या बिस्किटाकडे झुकते. पापड पंख्याच्या वाऱ्यानं उडून थेट कॉइलला चिकटतो, त्यावर जाळी ठेवावी. वांग्याला टोचे मारून, तेलाचा हात लावून ठेवलं तर आतून मऊ होतं, पण धुराचा वास नाही, त्यामुळे भरीत अर्धंच वाटतं. शेंगदाणे मात्र कढईपेक्षा सरस भाजले जातात. मधे दोनदा टोपली हलवायची, बस. कूट रोज लागणाऱ्या घरात या एका कामासाठीही यंत्र वापरात राहील.

आणि गरम करणं. दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराच्या सुमाराला घरी येणाऱ्याला संध्याकाळचा समोसा मायक्रोवेव्हमधून लिबलिबीत मिळतो. इथे तो चार-पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतो. पाव, कटलेट, आदल्या दिवशीचं तंदुरी चिकन, सगळ्याला हेच लागू. या पट्ट्यात तीन पाळ्यांमुळे एकाच घरात तीन वेळा जेवणं होतात, तिथे हा उपयोग तळण्यापेक्षा मोठा ठरतो.

आता तेलाचा हिशेब. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये महिन्याच्या तेलात दहा टक्के कपात करण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून एअर फ्रायरचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. पण आपल्या घरात तेल जातं कुठे? फोडणीत, भाजीत, पोळीवर, आमटीच्या तवंगात. एअर फ्रायर यातल्या एकालाही हात लावत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तळण होणाऱ्या घरात डबा नक्की जास्त दिवस पुरेल. महिन्यातून एकदा सणाला पुऱ्या होत असतील तर काही फरक पडणार नाही, शिवाय पुऱ्या यात होतही नाहीत. बाहेरचं तर वेगळंच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन ठेवण्याची सक्ती करता येत होती, म्हणून मोठ्या कारखान्यांत ते असतंच. त्या कँटीनमधला चहाबरोबरचा वडा आणि सुटीनंतर गेटबाहेरच्या गाडीवरची भजी घरच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात.

खरा फायदा मला दुसरीकडेच दिसतो. तळण झालं की कढईत पाव-अर्धा लिटर तेल उरतं. टाकवत नाही म्हणून ते गाळून ठेवायचं, परत तापवायचं, उरलंसुरलं फोडणीला वापरायचं, ही बहुतेक घरांतली रीत. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात पोलर संयुगं वाढतात. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि त्यावरचं तेल हॉटेलांना वापरता येत नाही. घरात हे मोजायला कोण येणार? एअर फ्रायरमध्ये उरलेलं तेलच नसतं, त्यामुळे प्रश्नच मिटतो. जाहिरातीत हे सहसा सापडत नाही, कारण उष्ट्या तेलापेक्षा सडपातळ बाईचा फोटो जास्त खपतो.

बटाट्यावर थोडं थांबतो, कारण मुलांसाठी फ्राइज हा खरेदीतला पहिला हट्ट असतो आणि आपण राहतो बटाट्याच्या मुलखात. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्याचा. मंचर, सातगाव पठार हा सगळा भाग बटाटा पिकवणारा. तरी वर्षातले बरेच महिने आपल्या पिशवीत आग्रा-इंदूरकडचा शीतगृहातला बटाटा येतो. दोन-चार अंशांच्या थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा तळा किंवा भाजा, आत शिजायच्या आधी बाहेरून तपकिरी होतो आणि गोडसर लागतो. वेफर्सच्या कंपन्या म्हणूनच कमी साखरेच्या जाती निवडतात आणि बटाटा इतका थंड ठेवत नाहीत.

हा प्रश्न चवीपुरता नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत तांबूस होताना त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे रसायन १९९४ मध्येच संशयितांच्या यादीत घातलेलं होतं. आहारातून माणसाला नेमका किती धोका आहे यावर अजून एकमत नाही, पण ते विनाकारण वाढवू नये यावर आहे. एअर फ्रायर तेल वाचवतो. अ‍ॅक्रिलामाइड मात्र त्यातही होतं, कारण ते उष्णतेमुळे होतं. उपाय साधे आहेत. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. फोडी पंधरा ते तीस मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे वरची साखर धुऊन जाईल. मग कोरड्या पुसा, चमचाभर तेल चोळा आणि सोनेरी रंगावर काढा. तपकिरी होईपर्यंत थांबू नका.

आता वीज. १४०० वॅटचं यंत्र पूर्ण दाबानं पंधरा मिनिटं चाललं तर ०.३५ युनिट जातं. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधेमधे कॉइल बंद करतो, म्हणजे त्याहून कमी. युनिटला १२ रुपये धरले तरी एका वेळचे चार रुपये. बिलाची भीती बाळगण्यासारखं यात काही नाही. फक्त महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांच्या वरचा प्रत्येक युनिट साधारण दुपटीनं पडतो. ज्यांचं बिल त्या रेषेच्या काठावर असतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

वायरिंगची भीती मात्र बाळगावी. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ६ अँपिअरहून थोडं जास्त. आपल्या भिंतीवरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. मोशी-वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ओट्याजवळ १६ अँपिअरचं सॉकेट असतं, तिथे चिंता नाही. पण चाकण परिसरातल्या खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे इथल्या भाड्याच्या खोल्या पाहा. एका खोलीत तिघे-चौघे, भिंतीवर एकच बोर्ड, त्याला एक्स्टेन्शन, त्यावर इंडक्शन शेगडी आणि मोबाइलचे चार्जर. २००० वॅटच्या शेगडीशेजारी एअर फ्रायर लावला की १५ अँपिअर झाले. मग जाड पिनेचा प्लग लहान सॉकेटमध्ये घुसवायला पन्नास-शंभर रुपयांचा कन्व्हर्टर येतो, आणि तापून काळा पडतो. वीज घरमालकाच्या सबमीटरवर असते, दर तो ठरवतो, आणि अनेक ठिकाणी हीटर-शेगडीला आधीच मनाई असते. गॅस जोडणीच्या कटकटीमुळे एकट्या राहणाऱ्या मुलांना हे यंत्र सोयीचं वाटतं, ते मला समजतं. पण आधी मालकाला विचारून एक १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर यंत्र घेऊ नये. यात मी कुणालाच सूट देणार नाही.

आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, आणि बऱ्याच कारखान्यांची सुट्टीही गुरुवारीच. सगळे घरी असतात त्या दुपारी यंत्र गप्प असतं. कढई विकू नका.

राहिली निगा. टोपलीवरचा नॉनस्टिक थर २०० अंशांना टिकतो, तो २६० च्या वर बिघडू लागतो. त्याचा खरा शत्रू तारेची घासणी. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, नाहीतर दोन महिन्यांत थराचे पापुद्रे निघतात. घेतानाच दुकानदाराला सुटी टोपली मिळते का, कितीला, हे विचारा. ज्या मॉडेलची सुटी टोपली मिळत नाही ते यंत्र टोपलीबरोबरच भंगारात जातं. यंत्राच्या मागून गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

आकाराबाबत खोक्यावरच्या ‘चार माणसांसाठी’वर विसंबू नका. चार लिटरच्या टोपलीत वड्या एका थरात लावायच्या तर एका वेळी दोघांपुरत्याच बसतात. पाच-सहा माणसांच्या घरात पहिला घास घेणारा आणि शेवटचा यांच्यात जवळजवळ अर्ध्या तासाचं अंतर पडतं, आणि ओट्यापाशी उभं राहणारं माणूस बहुधा एकच असतं.

तेव्हा घ्यावं कुणी? दोघा-तिघांचं घर, पाळीची नोकरी, आठवड्यातून दोनदा तरी काही खरपूस लागतं, ओट्याजवळ १६ अँपिअरचं सॉकेट आहे, अशांनी तीन-चार हजारांचं साधं डायलवालं यंत्र खुशाल घ्यावं. पडदा आणि वायफायवर दुप्पट पैसे घालू नयेत. घरात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर आधी त्यातलं कन्व्हेक्शनचं बटण वापरून पाहा; ती याचीच थोरली बहीण आहे आणि बहुतेक घरांत त्या बटणाला बोट लागलेलं नसतं. मोठं कुटुंब असेल, भज्यांचे शौकीन असाल किंवा वायरिंग जुनं असेल, तर हे पैसे दुसऱ्या कामाला लावा.

पुढच्या लेखांकात पाण्याचं शुद्धीकरण यंत्र. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या सोसायट्यांतल्या वाचकांनी आपल्या पाण्याचा टीडीएस मोजून ठेवावा, तो आकडा तेव्हा लागेल.