गर्भनिरोधक गोळ्या

गर्भधारणा टाळण्यासाठी स्त्रीने ठराविक क्रमाने तोंडाने घ्यावयाची औषधे. यांतील बहुतेक गोळ्यांत हॉर्मोने (वाहिनीविहीन ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणारे उत्तेजक स्राव) कृत्रिम रूपात असतात. इस्ट्रोजेन हे स्त्रीमदजन हॉर्मोन व प्रोजेस्टेरॉनासारखे कार्य करणारे प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही असलेल्या गोळ्यांस संयुक्त गोळ्या म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्यांचाच विचार केला आहे. औषध सामान्यतः रोगी घेतो. ही गोळी मात्र निरोगी स्त्री अनेक वर्षे रोज घेते. म्हणून तिच्या धोक्यांची मोजदाद अधिक काटेकोर व्हावी लागते आणि ती करताना गर्भारपण व बाळंतपण यांतील धोक्यांशी तुलना करणेही आवश्यक ठरते.

इतिहास : १९५१ मध्ये मेक्सिको सिटी येथे कार्ल जेरासी व त्यांचे सहकारी यांनी तोंडाने घेता येईल असे नॉरएथिस्टेरोन हे प्रोजेस्टोजेन तयार केले. अमेरिकेत ग्रेगरी पिंकस, मिन च्युए चँग व स्त्रीरोगतज्ञ जॉन रॉक यांनी अशा संयुगांचा अंडमोचनावरील (अंडाशयातून पक्व अंड बाहेर पडण्याच्या क्रियेवरील) परिणाम अभ्यासिला. या कार्यामागे मार्गारेट सँगर यांची प्रेरणा व कॅथरिन मकॉर्मिक यांचे आर्थिक साहाय्य होते. १९५६ मध्ये प्वेर्त रीको येथे मोठ्या प्रमाणावर चाचण्या सुरू झाल्या. तेथील डॉ. एड्रिस राइस-रे यांना सुमारे १७ टक्के स्त्रियांत मळमळ, चक्कर, डोकेदुखी इ. त्रास आढळला व त्यांनी तसे कळविलेही; पण त्या तक्रारींना पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. आपण एका प्रयोगात सहभागी आहोत याची पुरेशी कल्पना त्या स्त्रियांना देण्यात आली नव्हती, हा या इतिहासातील सदोष भाग होय.

१९६० मध्ये अमेरिकेत ‘एनोव्हिड’ या गोळीस गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. तीत सुमारे १० मिग्रॅ. प्रोजेस्टोजेन व १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन असे. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये अशी गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. पुढील पाहणीत इस्ट्रोजेनाची मात्रा व गुठळ्यांचे प्रमाण यांचा संबंध दिसून आल्यावर १९६९ मध्ये तेथील औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या प्रश्नाची सुनावणी झाली व त्यानंतर पाकिटाबरोबर धोक्यांची माहिती देणारे पत्रक घालणे आवश्यक करण्यात आले. हल्लीच्या बहुतेक गोळ्यांत एथिनिल-इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन २० ते ३५ मायक्रोग्रॅम इतकेच असते. भारतात शासकीय कार्यक्रमातून मोफत मिळणारी ‘माला-एन’ व अल्प किमतीची ‘माला-डी’ यांच्या प्रत्येक हॉर्मोनयुक्त गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम व लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन ०·१५ मिग्रॅ. असते.

कार्य : गोळीतील हॉर्मोनांमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा अंडाशयास चेतविणारा स्राव कमी होतो व अंडमोचन थांबते. शिवाय गर्भाशय-ग्रीवेतील श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) घट्ट होऊन शुक्राणूंस अडथळा होतो आणि गर्भाशयाचे अंतःस्तर पातळ राहते. गोळी अचूकपणे घेतल्यास वर्षभरात १,००० स्त्रियांपैकी सुमारे ३ जणींना गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात विसराळूपणामुळे हेच प्रमाण १०० मध्ये सुमारे ७ इतके असते. गोळी बंद केल्यावर प्रजननक्षमता परत येते. तिच्यामुळे कायमचे वंध्यत्व येते हा समज निराधार आहे.

घेण्याची रीत : पाकिटात सामान्यतः हॉर्मोनयुक्त २१ व लोहाच्या ७ अशा २८ गोळ्या असतात. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरुवात केल्यास संरक्षण लगेच मिळते. त्यानंतर, गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून, सुरुवात केल्यास पहिले ७ दिवस निरोधही वापरावा लागतो. गोळी रोज ठराविक वेळी, उदा., रात्रीच्या जेवणानंतर, घ्यावी. लोहाच्या गोळ्या चालू असताना रक्तस्राव होतो. तो थांबण्याची वाट न पाहता २८ दिवस पूर्ण होताच दुसरे पाकीट सुरू करावयाचे असते.

हॉर्मोनयुक्त एक गोळी विसरल्यास आठवताक्षणी ती घ्यावी व पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवसात दोन गोळ्या झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन वा अधिक गोळ्या राहिल्यास शेवटची राहिलेली तेवढी घ्यावी, आधीच्या सोडून द्याव्यात आणि सलग ७ दिवस गोळ्या घेऊन होईपर्यंत निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाल्यास हॉर्मोनयुक्त गोळ्या संपताच लोहाच्या गोळ्या वगळून नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यात झाली असून नुकताच समागम झाला असल्यास तातडीच्या गोळीविषयी डॉक्टरांस विचारावे. गोळी घेतल्यापासून ३ तासांच्या आत उलटी झाल्यास दुसरी गोळी घ्यावी.

दुष्परिणाम व धोके : मळमळ, स्तन हुळहुळणे, डोकेदुखी व पाळीव्यतिरिक्त थोडा रक्तस्राव हे त्रास बहुधा पहिल्या तीन महिन्यांत ओसरतात. खरा धोका नीलांमध्ये रक्त साकळण्याचा आहे. पायाच्या खोल नीलेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास मृत्यू ओढवू शकतो. २०१३ मध्ये युरोपीय औषध-नियामक संस्थेने केलेल्या फेरतपासणीनुसार गोळी न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे २ जणींना, लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांपैकी ५ ते ७ जणींना आणि डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन वा ड्रॉस्पिरेनोन असलेली घेणाऱ्यांपैकी ९ ते १२ जणींना हा विकार होतो. गर्भारपणात व विशेषतः प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोका याहूनही अधिक असतो. म्हणजे नवी व महाग गोळी अधिक सुरक्षित असतेच असे नाही.

हा धोका पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, सर्वांत जास्त असतो आणि महिनाभर वा अधिक खंड पाडून गोळी पुन्हा सुरू केल्यास तो पुन्हा वाढतो. ‘शरीराला विश्रांती’ म्हणून मधूनमधून गोळी बंद ठेवण्याची प्रथा यामुळे लाभदायक न ठरता अपायकारक ठरते.

कर्करोगाच्या बाबतीत परिणाम दुहेरी आहे. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित वाढते. २०१७ मधील डॅनिश पाहणीत हॉर्मोनी गर्भनिरोधक वापरणाऱ्या सुमारे ७,७०० स्त्रियांमागे वर्षाला एक जादा रुग्ण असे ते आढळले. पाच वर्षांहून अधिक काळच्या सेवनाने गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो व सेवन थांबविल्यावर उतरत जातो. याउलट अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका दर पाच वर्षांच्या सेवनामागे सुमारे २० टक्क्यांनी घटतो व गर्भाशय-अंतःस्तराच्या कर्करोगाचाही कमी होतो. हे संरक्षण गोळी सोडल्यावर दीर्घकाळ टिकते. पाळीतील अतिस्राव व वेदना कमी होणे हाही लाभ आहे. लैंगिक संसर्गापासून मात्र गोळीमुळे संरक्षण मिळत नाही.

निषिद्ध अवस्था : पूर्वी नीलेत गुठळी झालेली असणे, हृद्‌रोग, पक्षाघात, तीव्र रक्तदाब, डोळ्यांपुढे तिरिमिरी वा वाकड्या रेषा दिसून होणारी अर्धशिशी, यकृताचे गंभीर विकार, स्तनाचा कर्करोग व रक्तवाहिन्यांवर परिणाम झालेला मधुमेह यांत संयुक्त गोळी घेऊ नये. पस्तिशीपुढील धूम्रपान करणाऱ्या स्त्रीनेही ती घेऊ नये. प्रसूतीनंतर पहिले ६ आठवडे अंगावर पाजणाऱ्या मातेस ती वर्ज्य असून सहा महिन्यांपर्यंतही अन्य उपाय पसंत करतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ अंथरुणास खिळून राहावे लागणार असल्यास ती आधीच बंद करावी लागते.

अन्य औषधांशी संबंध : क्षयरोगावरील रिफँपिसीन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन व फेनोबार्बिटॉन ही औषधे यकृतातील एंझाइमांस चेतवून गोळीतील हॉर्मोनांचा लवकर नाश करतात, त्यामुळे गोळी नियमित घेऊनही गर्भ राहू शकतो. क्षयाचे उपचार घेणाऱ्या स्त्रीस ही गोष्ट न विसरता सांगणे आवश्यक आहे.

अन्य गोळ्या : केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्या इस्ट्रोजेन वर्ज्य असलेल्या अनेक स्त्रियांस चालतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ऑर्मेलॉक्सिफीन ही हॉर्मोनविरहित गोळी १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने प्रचारात आली; ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावयाची असते. समागमानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी नित्य वापरासाठी नाही. सण, पूजा वा लग्नकार्यासाठी पाळी लांबविण्याकरिता आपल्याकडे घेतल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरोनाच्या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून गणता येत नाहीत. त्या मात्रेतील औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनात रूपांतरित होतो. म्हणून पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रीने त्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

देखरेख : गोळी दुकानात सहज मिळते, म्हणून पूर्वतपासणी टाळली जाते. वस्तुतः रक्तदाब मोजणे आणि गुठळी, अर्धशिशी, कावीळ, तंबाखूचे व्यसन व चालू औषधे यांविषयी चौकशी करणे यास काही मिनिटे पुरतात व बहुतेक टाळता येण्याजोगे अपाय तेवढ्याने टळतात. एका पोटरीस सूज व वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे, अकस्मात तीव्र डोकेदुखी, दृष्टी वा वाचा जाणे, तीव्र पोटदुखी किंवा कावीळ यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालयात जावे व गोळी चालू असल्याचे तेथे सांगावे.

धोक्याची माहिती प्रमाण सोडून दिल्यास तीही अपाय करते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गोळ्यांमुळे गुठळ्यांचा धोका ‘दुप्पट’ होतो असा इशारा देण्यात आला. मुळात तो धोका किती अल्प आहे हे अनेकींपर्यंत पोहोचले नाही. पाकीट अर्धवट टाकून दुसरा कोणताही उपाय न योजलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती आणि १९९६ मध्ये इंग्लंड व वेल्समधील गर्भपातांत लक्षणीय वाढ झाली. याच देशात १९६८ पासून सुमारे ४६,००० स्त्रियांची पाहणी चालू होती. तिचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गोळी घेतलेल्या स्त्रियांतील एकूण मृत्युमान कधीही न घेतलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त नव्हते, उलट किंचित कमी होते. तथापि हा निष्कर्ष समूहाचा आहे. एखाद्या स्त्रीस गोळी योग्य आहे की नाही हे तिचा रक्तदाब व पूर्वेतिहास पाहूनच ठरवावे लागते.