विहारात ज्येष्ठांसाठी एक वही हवी

भारतीय संविधानाच्या कलम 41 ने वार्धक्यात व आजारपणात नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मिळणारी मदत ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पण वस्त्यांत फिरताना आम्हाला काय दिसते? जन्मभर नाक्यावर, वीटभट्टीवर, कंत्राटी सफाईत राबलेली माणसे. ना फंड, ना पेन्शन. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू आणि दिवसभर बोलायला कोणी नाही.

योजना नाहीत असे नाही. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरील निराधार, गरीब ज्येष्ठांना दरमहा 1500 रुपये मिळतात. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. मग अडते कुठे? उत्पन्नाच्या दाखल्यावर, आधार कार्डातल्या चुकीच्या जन्मसालावर, यंत्रावर न उमटणाऱ्या झिजलेल्या अंगठ्यावर. तहसील कचेरीच्या खेपा एकट्या म्हातारीने घालायच्या कशा?

कायद्याचेही तेच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यानुसार, न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध निर्वाह न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने वाऱ्यावर सोडले, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. ज्येष्ठ स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर त्याने अधिकार दिलेली नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही कलम 5 नुसार अर्ज करू शकते. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही, हे आम्ही वकील असूनही सांगतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, हे सरकारचे काम आहे. खरेच आहे. पण हक्क मागणाराच दारापर्यंत पोहोचला नाही, तर सरकारला जाब विचारणार कोण?

म्हणून प्रत्येक विहार समितीने एक वही घालावी. वस्तीतील प्रत्येक ज्येष्ठाचे नाव, वय, आजार, कोणते कागद आहेत, कोणते नाहीत आणि त्यांच्यासोबत कोण जाणार, एवढे त्यात लिहावे. निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी अर्ज भरावेत, परिचारिका भगिनींनी महिन्यातून एकदा रक्तदाब तपासावा, तरुणांनी दवाखान्यात सोबत जावे. रविवारच्या वंदनेनंतर ज्येष्ठांना तासभर बसते करावे. एकटेपणावर तेही औषधच आहे.

जयंतीसाठी आपण घरोघरी वर्गणी मागतो. त्याच घरांत आता या वहीसाठी जाऊ या. बांधवांनो, येत्या पौर्णिमेलाच सुरुवात करा. जय भीम!