नाव यंत्राला, दर कोणाला?

डीझेल भरताना रुडॉल्फ डीझेल कोणाला आठवत नाही, की ब्रेल लिपी म्हणताना लुई ब्रेल. वस्तू अंगवळणी पडली की माणूस मागे सरतो नि नाव तेवढे उरते. आमच्या सोलापुरात असेच एक नाव चादरीइतके घरचे झाले आहे : जॅकार्ड. यंत्रमागाच्या शेडमध्ये एका तरुण कामगाराला आम्ही विचारले, “जॅकार्ड म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “मागाच्या डोक्यावर बसतं ते.” जॅकार्ड हा माणूस होता, नि विणकराचाच मुलगा होता, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

जोसेफ मारी जॅकार्ड १७५२ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरी जन्मला. त्या काळी रेशमावर नक्षी विणायची तर विणकराच्या हाताशी एक पोऱ्या लागे. नक्षीप्रमाणे उभे धागे उचलण्यासाठी तो दिवसभर दोऱ्या ओढी. १८०४ च्या सुमारास जॅकार्डने हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा. भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिचा आकडा वर जातो, नि त्याबरोबर उभा धागाही. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची तर पुठ्ठे बदलावे.

तथापि हे एकट्याचे डोके नव्हे. बुशाँने १७२५ मध्येच मागाला भोकांचा कागद लावला होता. फाल्काँने पुठ्ठे आणले. व्होकाँसाँने स्वयंचलित माग केला. नाव लागले ते शेवटी हात फिरवणाऱ्याचे.

पोट जाईल या भीतीने विणकरांनी प्रथम यंत्राला विरोध केला. सरकारने जॅकार्डला वर्षासन दिले नि यंत्र सार्वजनिक केले. यंत्र सर्वांचे झाले. मजुरी मात्र व्यापाऱ्यांच्याच हाती राहिली. ऑक्टोबर १८३१ मध्ये किमान दर ठरला. कित्येक व्यापाऱ्यांनी तो पाळला नाही, तेव्हा नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले. लष्कर आले, दर रद्द झाला. हा उठाव यंत्राविरुद्ध नव्हता, दरासाठी होता, हे ध्यानात घ्यावे.

आमचेही यंत्राशी भांडण नाही. त्या पोऱ्याच्या हातची दोरी सुटली, हे बरेच झाले. वाचलेल्या श्रमाचा वाटा कोणाच्या पदरात पडला, एवढेच आम्ही विचारतो. सोलापुरी चादर पांघरताना आपणही ते विचारावे.