दिव्यांनीं चुकविलेली वाट

काळोख म्हणजे उणीव आणि दिवा म्हणजे तिची भरपाई, अशी मनुष्याची जुनी समजूत आहे. आणि मनुष्यापुरती ती खरीहि आहे. परंतु रात्रीं जागणाऱ्या प्राण्यांचा सारा व्यवहार काळोखाच्याच आधारानें चालतो. त्यांची दिशा ओळखण्याची रीत अशा काळीं घडलेली आहे, कीं जेव्हां रात्रीच्या आकाशाहून उजळ असें जमिनीवर सहसा कांहींच नसे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं सागरी कासवें येतात. मादी वाळूंत खड्डा करते, त्यांत सुमारें शंभर अंडीं घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रांत निघून जाते. पिलांचें तोंडहि ती पाहत नाहीं. पुढें सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वाळूंतून वर येतात, तीं बहुधा रात्रीं, वाळू निवल्यावर. समुद्र कोणत्या बाजूस आहे, हें त्यांना सांगणारें कोणी नसतें. क्षितिजालगत उजळ आणि मोकळी बाजू कोणती, एवढेंच तीं पाहतात. मागची झाडी काळी दिसते. पाण्यावर मात्र आकाशाचा उजेड पसरलेला असतो. असंख्य पिढ्यांना हा हिशेब पुरला. परंतु झाडीच्या जागीं एखाद्या विश्रामगृहाचा झगझगीत दिवा आला, कीं उजळ बाजू तीच ठरते, आणि पिलें समुद्राकडे पाठ करून चालूं लागतात. तेथें कुत्रे आणि कावळे टपलेले असतात. त्यांतून निभावलीं तर सकाळचें ऊन त्यांना सुकवून टाकतें. वेळासला २००२ सालापासून अंडीं कुंपणांत सुरक्षित ठेवून पिलें पाण्याजवळ सोडण्याची व्यवस्था आहे. परंतु साऱ्या किनाऱ्यावरील प्रत्येक घरट्यास राखणदार कोठून आणावा?

पतंगाची गोष्ट तर कवींनींच बिघडवून ठेविली आहे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत कीटकांच्या उड्डाणाचें अतिवेगवान चित्रण केलें गेलें. त्यांत असें दिसून आलें, कीं उडतांना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. उघड्या रानांत उजेडाची बाजू म्हणजे आकाश, आणि तेवढ्यावरून त्यांचा तोल सांभाळला जातो. दिवा बाजूस असला, कीं पाठ त्याकडे कलते, आणि बिचारा जीव त्याभोंवतीं गरगरत राहतो. म्हणजे तो दिव्यावर लुब्ध नसतो. वर कोणतें आणि खालीं कोणतें, हेंच त्याला उमगेनासें होतें.

काजव्यांचें दुःख निराळें. मृगाच्या सुमारास भंडारदऱ्याच्या झाडांवर ते लुकलुकतात, ती नरमादीची एकमेकांस खूण असते. मोटारींच्या झोतांत ती बुडून जाते. काजवे पाहावयास विजेऱ्या पेटवीत जाणाऱ्या मंडळींस काय म्हणावें?

उपाय मात्र सोपा आहे. नदींत मिसळलेलें विष वर्षानुवर्षें जात नाहीं. दिवा मालवला, कीं त्याच क्षणीं काळोख परत येतो. नागपूरजवळील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ च्या जानेवारींत भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला. तेथें आसपासच्या चार गांवांतील शंभरांहून अधिक दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं. गांवकऱ्यांस काळोखांत बसविण्याची गरज पडली नाहीं.

शहरांतील घरासहि हेंच करतां येतें. गच्चीवरील दिव्यास वरून झांकण असावें. झाडावर रोखलेला शोभेचा दिवा काढून टाकावा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे कीटक अधिक ओढले जातात, म्हणून पिवळसर दिवा घ्यावा. समुद्रकांठीं तांबूस दिवा त्याहून बरा. चोराच्या भीतीनें अंगणांत रात्रभर दिवा ठेवणाऱ्यांसाठीं मनुष्य जवळ येतांच लागणारे आणि थोड्या वेळानें आपोआप विझणारे दिवे बाजारांत मिळतात. आणि चोर दचकण्यास तेच अधिक उपयोगीं.