चित्रकथा, तिचे वाचक आणि 'मूळ' कथेचा आग्रह

साहित्याची चर्चा करणाऱ्या नियतकालिकांतून चित्रकथेचा विचार क्वचितच होतो. मुलांची करमणूक, फार तर वाचनाची गोडी लागावी म्हणून केलेली एक सोय, एवढेच तिचे स्थान आपण मानीत आलो. परंतु चित्रकथेचे वाचक ज्या प्रश्नांवरून आपापसांत हिरिरीने वाद घालतात, ते प्रश्न मात्र मुळीच बालिश नाहीत. खरी कथा कोणती, तिच्यात कोणाला कोणते स्थान मिळाले, आणि नव्या माध्यमात ती आणताना काय बदलावे व काय बदलू नये, हे ते प्रश्न होत. महाकाव्यांच्या बाबतीत पंडितांनी हेच प्रश्न शतकानुशतके चघळले आहेत. म्हणून चित्रकथेच्या वाचकांचे म्हणणे जरा गंभीरपणे ऐकून घ्यावे, असा या लेखाचा हेतू आहे. चित्रकथा हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. चित्रांतून पुढे सरकणारी कथा, मग ती कागदावर असो वा पडद्यावर.

प्रारंभी आपल्याच शहरातील एक उदाहरण घेऊ. 'छोटा भीम' ही मालिका हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या चित्रसंस्थेची निर्मिती. २००८ साली ती दूरचित्रवाणीवर आली आणि पुढे तिची छापील चित्रपुस्तकेही निघाली. २०२० साली अशी वार्ता पसरली की, भीमाने ढोलकपूरची राजकन्या इंदुमती हिच्याशी विवाह केला आणि लहानपणापासून त्याला लाडू पुरविणाऱ्या चुटकीला डावलले. झाले! चुटकीला न्याय मिळालाच पाहिजे, अशी मागणी देशभरातून उठली. अखेर ही सर्व पात्रे अजून लहान मुलेच आहेत, विवाहाची वार्ता निराधार आहे, असा खुलासा संस्थेला करावा लागला.

या प्रकाराला हसणे सोपे आहे. तथापि तो वाद करणारे कोण होते, हे पाहिले पाहिजे. ज्यांचे बालपण या मालिकेबरोबर गेले, अशी ती आता वयात आलेली मुले होती. कथा ज्याने निर्मिली त्याच्याइतकाच तिच्यावर आपलाही अधिकार आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. जी कथा कोणाच्याच मनात घर करीत नाही, तिच्याविषयी असा तंटा उद्भवत नाही. वाचकाचा राग हा पुष्कळदा त्याच्या प्रेमाचाच पुरावा असतो.

इंग्रजी वाचक या अधिकृत 'मूळ' कथेला 'कॅनन' म्हणतात. शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मपीठाचा. कोणते ग्रंथ प्रमाण मानावयाचे, याचा तो निर्णय. १९११ साली रोनाल्ड नॉक्स या विद्वानाने शेरलॉक होम्सच्या कथांची चिकित्सा, थट्टेच्या सुरात का होईना, धर्मग्रंथांच्या पद्धतीने केली, आणि ललित कथांनाही हा विचार लागू पडू लागला. चित्रकथेत तर त्याची गरज अधिकच भासते. कादंबरीला एक लेखक असतो; तो गेला की कथा संपते. अमेरिकेतील चित्रकथांची पात्रे बहुधा प्रकाशनसंस्थेच्या मालकीची असतात. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, पिढ्या उलटतात, आणि नायक मात्र तिशीतच राहतो. शेवटी एक कथा दुसरीस खोटी ठरवू लागते. सुपरमॅन व बॅटमॅन यांच्या प्रकाशकांनी १९८५-८६ मध्ये एक दीर्घ कथामालिका काढून आपल्या साऱ्या परस्परविरोधी विश्वांची नव्याने मांडणी केली, ती याच अडचणीमुळे. मग वाचकाने प्रमाण कोणते मानावयाचे?

याचे उत्तर देण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. वेताळाचीच गोष्ट घ्या. ली फाल्क या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला 'फँटम' इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून भारतात घरोघरी गेला आणि मराठीत 'वेताळ' झाला. त्याच्या देशाचे मूळ नाव 'बेंगाला'. बंगालशी घोटाळा होऊ नये म्हणून भारतीय आवृत्तीत तो 'डेंकाली' करण्यात आला. मूळचे 'सिंघ' चाचे येथे 'सिंगा' झाले. एवढेच नव्हे, तर 'वेताळ' या नावासरशी विक्रमाच्या खांद्यावर बसणारा आणि गावाच्या वेशीवर पुजला जाणारा आपला जुना वेताळ या गोऱ्या वीराच्या पाठीशी येऊन उभा राहिला. १९९० साली इंद्रजाल बंद पडले. आज आबिड्सच्या रस्त्यावर रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्याचे अंक शोधीत हिंडणाऱ्या वाचकाला तुम्ही सांगून पहा की, 'डेंकाली' ही प्रकाशकाची सोय होती, खरे नाव निराळेच! तो ऐकून घेईल. पण त्याच्या लेखी खरा देश डेंकालीच. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ते पुष्कळदा काळाच्या दृष्टीने पहिले नसतेच. आपल्या वाचनात ते पहिले आले, इतकेच.

याच वेताळकथेपाशी दुसरा प्रश्न उभा राहतो, तो प्रतिनिधित्वाचा. एक गोरा पुरुष पिढ्यानपिढ्या रानातील काळ्या लोकांचे रक्षण करतो आणि ते त्याला अमर मानून भितात, या कल्पनेत साम्राज्यशाहीची छाया आहे, हे आज कोणीही मान्य करील. स्वतः फाल्कलाही काळाची ही हाक ऐकू आली असावी. पुढे त्याने बेंगालाला लुआगा नावाचा, व्यवसायाने डॉक्टर असलेला, आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष दिला. त्याच्याच 'मँड्रेक' या कथेतील लोथार हा आफ्रिकी राजपुत्र प्रारंभी चित्त्याचे कातडे पांघरून तोडकेमोडके इंग्रजी बोलणारा सेवक होता. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स हा चित्रकार आल्यानंतर तो नीट पोशाख करू लागला, शुद्ध बोलू लागला, आणि मँड्रेकचा मित्र म्हणून बरोबरीने वावरू लागला. हा बदल झाला म्हणून लोथार नाहीसा झाला काय? त्याचे बळ, त्याची निष्ठा, त्याचे धैर्य जसेच्या तसे राहिले. गेला तो केवळ अपमान. जे वाचक प्रत्येक बदलाला मूळ कथेचा द्रोह म्हणतात, त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आपल्या परंपरेला तर ही गोष्ट नवी नाही. व्यासांचे महाभारत एकच, परंतु मराठी वाचकाला ते मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या मुखातून भेटले आणि आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना नन्नय, तिक्कन व एर्रन या कवित्रयाच्या. अभिमन्यू आणि बलरामकन्येचा विवाह घटोत्कचाने मायेच्या बळावर घडवून आणला, ही कथा व्यासांच्या ग्रंथात नाही. तरीही मराठीत ती वत्सलाहरण म्हणून रुजली. तेलुगूत तिची नायिका शशिरेखा. १९५७ साली निघालेला 'मायाबजार' हा चित्रपट हैदराबादेत आजही आवडीने पाहिला जातो. या कथेतील घटोत्कच व्यासांचा नाही, असे म्हणून कोणी तिच्यावर बहिष्कार घातल्याचे ऐकिवात नाही. कारण अचाट बळ, मायावी शक्ती आणि पांडवांविषयीची माया हा घटोत्कचाचा स्वभाव तिच्यात अबाधित आहे. प्रसंग नवा, पात्र जुनेच. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली, तेव्हा त्यांनीही हेच केले. राम वाईरकरांच्या रेखाटनातून आलेला कृष्ण हाच पुढे अनेक मुलांच्या मनातील पहिला कृष्ण ठरला.

तर मग रूपांतराची कसोटी अशी सांगता येईल: पात्राची परिस्थिती बदलली तरी चालेल, स्वभाव बदलता कामा नये. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा 'चिंटू' १९९१ साली वृत्तपत्रातील चौकटींत जन्मला आणि २०१२ साली चित्रपटात आला. तीन-चार चौकटींत मावणारा विनोद दोन तासांच्या कथेत ताणताना प्रसंग वाढवावेच लागतात. प्रेक्षकाने पाहावयाचे ते इतकेच की, त्यातला मुलगा चिंटूसारखा वागतो की नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चित्रकथेतला नव्हे, कादंबऱ्यांतला. परंतु १९८० च्या दशकात तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली मोठा होऊन चित्रपटात अवतरला. त्या चित्रपटात तर भागवत स्वतःच एक पात्र आहेत. बनेशचे वय वाढले, गुन्ह्याचे स्वरूप बदलले, परंतु अन्याय दिसला की स्वस्थ न बसणारा त्याचा स्वभाव ओळखीचा राहिला.

मात्र या कसोटीला एक महत्त्वाची पुरवणी जोडली पाहिजे. कधी कधी परिस्थिती हाच कथेचा प्राण असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर 'अमर चित्र कथे'ने १९७९ साली पुस्तक काढले. चौकटीमागून चौकट, अशी त्याची सरळ मांडणी होती. त्या काळी एका थोर चरित्राची मुलांना ओळख करून देण्याचे मोठे काम त्याने केले. २०११ साली 'भीमायन' प्रसिद्ध झाले. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांच्या लेखनाला दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची चित्रे लाभली. त्यांनी माणसांना चौकटींत कोंडण्याचे नाकारले. पानभर मोकळी, नक्षीच्या रेषांनी विभागलेली चित्रे काढली. प्रेमळ शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिले, आणि जातीच्या अहंकाराने उच्चारलेल्या शब्दांना विंचवाची नांगी दिली. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत ते चरित्र सांगितले आहे. १९३४ साली वेरूळची लेणी पाहावयास निघालेल्या बाबासाहेबांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून जो अपमान सोसावा लागला, तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दौलताबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे ही कथा आपल्याही घरची आहे. हौदावरचा तो दंडक काढून टाकला, तर कथेत उरले काय? येथे जातीचा तपशील पुसणे म्हणजे कथाच पुसणे होय. लोथारच्या अंगावरचे कातडे काढले तरी लोथार उरतो. या दोहोंतील भेद ज्याला कळला, त्याला प्रतिनिधित्वाचा प्रश्न कळला.

'भीमायन' आणखीही एक गोष्ट शिकविते. मूळ कथेचे रक्षण करा, असे तेच वाचक म्हणू शकतात, ज्यांना त्या कथेत पूर्वीपासून जागा होती. ज्यांचे चेहरे चित्रांत कधी आलेच नाहीत, किंवा आले ते राक्षसाचे वा विदूषकाचे म्हणून आले, त्यांनी कशाचे रक्षण करावे? त्यांच्यासाठी नवी कथा, नवी रेषा हीच पहिली मूळ कथा असते. ढोलकपूरकडे याच दृष्टीने पाहिले तर काय दिसते? दांडगाई करणाऱ्या मुलाचे नाव कालिया. गोरेपणाचे वेड असलेल्या समाजात सावळ्या मुलांना चिडविण्यास हे नाव आयतेच सापडते. आणि चुटकी? साहसाच्या वेळी तिच्या वाट्याला पुष्कळदा लाडू पुरविण्याचे काम येते. चुटकीला न्याय मागणाऱ्यांनी तिच्यासाठी मागितला तो विवाह! तिला साहसात बरोबरीचा वाटा मिळावा, एखादे संकट तिने आपल्या बुद्धीने निवारावे, ही मागणी न्यायाच्या अधिक जवळ जाणारी ठरली असती. २०२४ साली या मालिकेच्या निर्मात्यांनी आपल्याच २०१२ मधील एका चित्रपटाची जिवंत नटांसह पुनर्निर्मिती केली. अशी पुनर्निर्मिती म्हणजे दुरुस्तीची संधीही असते, आणि रसिकांनी निर्मात्यांकडे तिची मागणी करणे रास्तच आहे.

हैदराबादेतील मराठी घरांपुरते पाहिले तर या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू व दखनी आणि घरी, असेल तर, मराठी बोलतात. शिक्षक या नात्याने मी अनेक वर्षे पाहत आलो आहे की, मराठीचा पहिला परिच्छेद वाचण्यास जे मूल कंटाळते, ते चित्राखालची मराठी ओळ आपण होऊन वाचते. 'चांदोबा'ने आणि इंद्रजालच्या मराठी अंकांनी एके काळी हेच काम केले. ते अंक आता निघत नाहीत. आपण आपल्या बालपणीच्या वेताळालाच तेवढे खरे मानून नव्या चित्रकथेकडे पाठ फिरविली, तर ही मुले चित्रकथा वाचणे सोडणार नाहीत. ती मराठीत वाचणे सोडतील.

म्हणून कोणत्याही नव्या रूपांतराविषयी तक्रार करताना वाचकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी जपू पाहतो आहे ते त्या पात्राचा स्वभाव आहे, की माझे स्वतःचे बालपण? पहिले असेल, तर तक्रार अवश्य करावी, आणि खणखणीतपणे करावी. दुसरे असेल, तर जुना अंक जपून कपाटात ठेवावा आणि नवा मुलाच्या हाती द्यावा.