बोंडअळीची बातमी आधी, हिवतापाची नंतर

पऱ्हाटी पंचेचाळीस दिवसांची झाली की वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत कामगंध सापळ्यांची बातमी येते. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग अडकले तर फवारणीची वेळ झाली, डोमकळ्या दिसल्या तर वेचून नष्ट करा, असे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सल्ले छापून येतात, आकाशवाणीवरून ऐकू येतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला, तेव्हापासून हे आकडे शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. कीड डोळ्यांना दिसण्याआधी तिची बातमी कशी द्यायची, हे इथल्या पत्रकारितेला चांगले ठाऊक आहे. मग डासाच्या बाबतीत बातमीला कुणी दगावण्याची वाट का पाहावी लागते?

हिवतापाचा हिशेब मांडून पाहू. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. त्या मादीने हिवतापाच्या रुग्णाचे रक्त शोषले की जंतू तिच्या शरीरात वाढायला आणखी दहाबारा दिवस. मग ती निरोगी माणसाला चावते, आणि त्याला थंडी वाजून ताप भरतो तो पुढच्या दहापंधरा दिवसांनी. म्हणजे ऑगस्टमधल्या रुग्णाचा उगम जुलैच्या पाण्यात असतो. रुग्णांची बातमी छापून येते त्या दिवशी गावात धूरफवारणीची गाडी फिरते, तिचा फोटोही येतो, आणि लोकांना वाटते काम झाले. धुराने उडते डास मरतात; पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

फोटोचाच विषय निघाला म्हणून सांगतो. हिवतापाच्या बातमीसोबत हमखास तुंबलेल्या नालीचे छायाचित्र असते. नालीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो रात्रभर छळतो, हत्तीरोगही पसरवतो, पण हिवताप पसरवत नाही. हिवतापाचा ॲनॉफिलिस स्वच्छ, संथ पाणी शोधतो. ओढ्याच्या कडेचे डबके, पाटाचे पाणी, खोदकामाच्या खड्ड्यात साचलेला पाऊस अशा जागी तो अंडी घालतो. डेंग्यूचा एडिस तर घरातच वाढतो आणि दिवसा चावतो. अकोल्यात नळ काही दिवसांआड येतो, म्हणून घरोघरी ड्रम, टाकी, हौद भरून ठेवावे लागतात. ते झाकायचे आणि आठवड्यातून एकदा कोरडे करायचे, हे सांगणारा फोटो नालीच्या फोटोपेक्षा कितीतरी कामाचा आहे.

प्रसारमाध्यमांनी ठरवले तर काय होते, हे अकोलेकरांनी मोर्णेच्या काठावर पाहिले आहे. जानेवारी २०१८ मध्ये जलकुंभीने भरलेली मोर्णा साफ करायला हजारो नागरिक नदीत उतरले. १३ तारखेला सुरू झालेली ती मोहीम पुढे दर शनिवारी चालवायची ठरली, आणि त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख झाला तेव्हा देशभर अकोल्याचे नाव गेले. नदी स्वच्छ होणे ही मोलाचीच गोष्ट. पण त्या उत्साहातला थोडा वाटा घराघरांतल्या हौदांकडे आणि त्यांत सोडायच्या, डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांकडे वळला, तर शहरातला तापही कमी होईल.

खरी कसोटी मात्र मेळघाटात आहे. अमरावती जिल्ह्यात हिवतापाची जोखीम मुख्यतः धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत. सिपना, गडगा, खापरा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे याच डोंगरांत आहेत. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांनी लावून धरल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. पत्रकारितेचे हे ऋण मान्यच केले पाहिजे. त्या बातम्या नसत्या तर धारणीची वाट सरकारला इतक्या लवकर सापडली नसती. मात्र तेव्हापासून मेळघाट म्हटले की कुपोषण हा एकच मथळा बाहेरच्यांच्या मनात बसला. अशक्त लेकराला हिवताप झाला की त्याचे रक्त आणखी कमी होते, आणि रक्त कमी असलेले लेकरू पुढच्या न्यूमोनियात किंवा हगवणीत टिकत नाही. ताप आणि भूक एकाच झोपडीत राहतात, त्यांची बातमीही एकत्र यायला हवी.

इथे माहिती पोचवणे अवघड आहे. कोरकू भाषा मराठीपेक्षा निराळ्या कुळातली, मुंडा भाषांच्या घरातली. मराठीतले भित्तिपत्रक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच राहते. हरिसालला २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला, पण आतल्या ढाण्यांत, म्हणजे पाड्यांत, मोबाइलला रेंज मिळणे आजही दैवाधीन. अशा ठिकाणी आठवडी बाजारात भोंग्यावरून कोरकूत बोलणारी आशाताई हेच सर्वात मोठे माध्यम. तापात लोक आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जातात. त्याला हिणवणाऱ्या बातम्यांनी काही साधत नाही. त्यालाच सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात पाठवण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत, ती वाट अधिक शहाणपणाची.

सांगायच्या गोष्टीही नेमक्या हव्यात. घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर औषध फवारले की त्याचा परिणाम दोनअडीच महिने राहतो, पण सणासाठी भिंत सारवली की तो शेणमातीखाली जातो. हे फवारणीच्या आधीच बायाबापड्यांना सांगितले पाहिजे, म्हणजे सारवण आधी उरकता येईल. औषधी मच्छरदाणी घरात टांगून घरधनी रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर जात असेल, तर एक मच्छरदाणी जागलीसाठीही लागेल. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडल्या, तर यकृतात दडलेला जंतू काही आठवड्यांनी पुन्हा उठतो.

आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये रात्री नऊच्या सुमारास रेडिओ, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरून लोकांना विचारले जाई, मच्छरदाणी लावली का? एवढाच प्रश्न, झोपायच्या वेळी. आपल्याकडे ही रीत त्याहून जुनी आहे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांकडून काढून घेत. ज्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिले, तो ते विसरत नसे. अकोल्याच्या आकाशवाणीवर जून ते नोव्हेंबर रोज संध्याकाळी वऱ्हाडीतून आणि कोरकूतून दोन मिनिटे असे प्रश्न विचारले जावेत, असे मला मनापासून वाटते.

ताप कमी झालेल्या वर्षांतही ही बातमी थांबू नये. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९५३ पासूनच्या डीडीटी फवारणीने १९६५ पर्यंत तो लाखावर आला, सगळे निश्चिंत झाले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. २०२३ मध्ये देशात सव्वादोन लाखांच्या आसपास रुग्ण होते. २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणून २०३० पर्यंत निर्मूलन हे सरकारचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आपण पुन्हा त्याच निसरड्या पायरीवर उभे आहोत.

म्हणून जिल्हा हिवताप कार्यालयाकडून ‘रुग्णसंख्या घटली’ असे पत्रक आले, की धारणीच्या वार्ताहराने पुढचे विचारावे. रक्तनमुने किती घेतले? शंभर लोकांमागे वर्षाला किमान दहा, हा निकष गाठला का? तपासणीच कमी झाली तर रुग्ण कागदावरून आपोआप कमी होतात. घातक फॅल्सिपॅरमचे रुग्ण किती, कोणत्या गावचे? कामासाठी बाहेर गेलेले मजूर परतल्यावर त्यांचे रक्त तपासले का? काचपट्टीचा अहवाल किती दिवसांनी आला, आशाताईच्या पिशवीत तत्काळ तपासणीचे किट आहे का, आरोग्यसेवकाची जागा किती महिने रिकामी आहे? ही उत्तरे गावांच्या नावांसह दर आठवड्याला, कापसाच्या सल्ल्याशेजारच्या चौकटीत छापावीत, आणि पहिली चौकट मृगाचा पाऊस पडण्याआधी यावी.