उतरायची वाट आधी

मार्गशीर्षातली पहाट होती. बेलपाड्यातल्या एका अंगणात आम्ही सहाजण पाठपिशव्या आवळत होतो. दोर, पाणी, शिधा, सगळं तपासून झालं होतं. वाटाड्या म्हणून येणारे मामा ओट्यावर बसून आमची लगबग बघत होते. कपबशी खाली ठेवत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “उतरणार कुठून, ते ठरलंय का?”

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा, याबद्दल आम्ही महिनाभर बोलत होतो. उतरायचं काय, यावर पाच मिनिटंही खर्च केली नव्हती. मामांनी साधले घाट सुचवला, बरोबर येऊन दाखवला. तेव्हापासून मी कुठलीही डोंगरफेरी आखताना कागदावर आधी उतरायची वाट लिहितो, चढायची नंतर.

आपल्याकडच्या भटकंतीचे ढोबळ तीन प्रकार पडतात. गेलो त्याच वाटेने परतायचं, हा पहिला. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं, म्हणजे आरपार जायचं, हा दुसरा. राजगड ते तोरणा ही त्यातली सर्वांत लाडकी वाट. तिसरा प्रकार फेरीचा: वेगळ्या वाटेने चढायचं, वेगळ्या वाटेने उतरायचं आणि निघालो त्याच गावात परत यायचं. ही कल्पना आपल्याला नवी नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसं त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी करतात. याच प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची ताटातूट झाली आणि निवृत्तिनाथांना गहिनीनाथांची गुहा सापडली, असं वारकरी परंपरा सांगते. डोंगराला वळसा घातल्याशिवाय तो कळत नाही, ही जाण या मातीत जुनीच आहे.

सह्याद्रीत फेरीसाठी जागांची ददात नाही. नवख्यांनी खांडसपासून सुरुवात करावी. शिडी घाटाने भीमाशंकर चढायचं आणि गणेश घाटाने उतरायचं. शिड्यांची अवघड जागा अंगात ताकद असताना चढण्यात येते; थकलेले पाय लांब पण सोप्या वाटेला लागतात. माथ्यावर नागफणीच्या टोकावरून अख्खं कोकण पायाशी दिसतं. अवघड वाट चढायला आणि सोपी उतरायला, हा नियम इथे पहिल्या दिवशीच अंगी मुरतो.

दुसरी पायरी मोरोशीची. भोरांड्याच्या दाराने चढून पठारावरून नाणेघाट गाठायचा. सातवाहनकाळी याच घाटाने कोकणातल्या बंदरांचा माल जुन्नरला जात असे. राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेलं लेणं आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण बघून खाली उतरायचं. फेरी मात्र इथे आपोआप जुळत नाही. नाणेघाटाची वाट वैशाखऱ्याच्या बाजूला महामार्गावर येते आणि मोरोशी तिथून पुढे राहतं. तेवढ्या डांबरी रस्त्याची सोय घरून निघतानाच करायला हवी.

साम्रदची फेरी याच्या उलटी. सांदण दरी उतरायची आणि करोली घाटाने चढून परत यायचं. इथे चढ शेवटी येतो. दरीत दोराच्या जागी गर्दी झाली आणि दोन तास गेले, तर ते करोलीच्या चढावर भरून काढता येत नाहीत. अशा फेरीत सकाळचा एक तास संध्याकाळच्या दोन तासांच्या मोलाचा असतो.

आणि मग बेलपाड्याची फेरी. गावातूनच कोकणकडा दिसतो. नागाच्या फण्यासारखी आत वळलेली, पुढे झुकलेली ती भिंत पहिल्यांदा बघताना मान दुखेपर्यंत माणूस वर बघतो. नळीची वाट मोठमोठ्या धोंड्यांच्या ओढ्यातून सुरू होते, मग नाळ अरुंद होते, पायाखाली घसारा लागतो. मधले कातळटप्पे दोर लावून पार करायचे. खालच्याने वरच्याच्या थेट रेषेत उभं राहायचं नाही. दगड सुटला की “दगड!” अशी आरोळी देऊन बाजूच्या कातळाला चिकटायचं. डोक्यावर हेल्मेट हवंच.

इथे वेळेचं गणित पुस्तकावरून मांडू नये. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली एक आडाखा दिला: पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने हजारावर मीटरची ही चढाई तीन-साडेतीन तासांत व्हायला हवी. प्रत्यक्षात सात-आठ तास सहज जातात, कारण सहाजणांचा गट प्रत्येक कातळटप्प्यावर एकेक करूनच वर सरकतो. आडाखा मळलेल्या वाटेचा आहे. नाळेत माणसं मोजायची, किलोमीटर नाही.

नकाशा मात्र डोळ्यांखालून घालावाच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने येतात. त्या एकमेकींना चिकटल्या की कडा समजावा, दरीच्या तोंडाशी आत वळल्या की नाळ. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ आमच्या पिढीने याच कामासाठी वापरून वापरून खिळखिळं केलं. मोबाइलवरची आखून ठेवलेली वाट सोबत असावी, पण तिच्यावर भिस्त नको. खोल नाळेत उपग्रहाचा संदेश भरकटतो.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाळ म्हणजे धबधब्याचीच वाट, तिथे जायचंच नाही. दिवाळीच्या आसपास कातळ ओला असू शकतो आणि गवत पुरुषभर वाढलेलं. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर नाही, अत्तर नाही. पाणी माणशी निदान चार लिटर; म्हणजे पाठीवर चार किलो, हे धरूनच बाकीचं ओझं कमी करायचं. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाबाबतचे वनखात्याचे नियम निघण्याआधी विचारून घ्यावेत.

एवढं केल्यावर माथ्यावर निवांत बसता येतं. मावळतीला कोकणकड्यावर पोटावर पडून खाली बघावं. दरीतून वर येणारा वारा चेहऱ्यावर आदळतो आणि हातातली गवताची काडी खाली सोडली तर डोक्यावरून मागे उडते. ऊन पाठीशी आणि दरीत धुकं असेल, तर इंद्रवज्र दिसू शकतं: पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. कर्नल साइक्सने ते इथून पाहिल्याची नोंद आहे. कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून त्याची आशा सकाळीच धरावी. त्यानंतर केदारेश्वराच्या गुहेत जावं. गार पाण्यात उभं असलेलं भव्य लिंग आणि चार खांबांपैकी उरलेला एकच खांब. शेवटी चौदाशे मीटरहून उंच तारामतीवर चढायचं. उत्तरेला आजोबा, रतनगड, कळसूबाई. दक्षिणेला माळशेज, नाणेघाट, जीवधन आणि पिंपळगाव जोग्याचं चमकतं पाणी. आवडलेल्या फेऱ्या तिथून बोटाने दाखवता येतात.

पण घड्याळात सकाळचे दहा वाजले की उठायचं. एका वर्षी आम्ही तारामतीवर रेंगाळलो, बारा वाजता निघालो आणि साधले घाटाचं तोंड समजून एका ढोरवाटेला लागलो. वाट कारवीत विरली. परत चढून खरी वाट सापडेपर्यंत उन्हं कलली होती. बॅटरीच्या उजेडात, एकेक पाऊल चाचपत घाट उतरताना खालून हाका ऐकू आल्या. मामांचा मुलगा आणि गावातले आणखी दोघे घाटाच्या पायथ्याशी कंदील घेऊन उभे होते. निघताना घरात चिठ्ठी ठेवली होती: सहा नावं, उतरायची वाट, पोहोचायची वेळ, संध्याकाळी पाच. साडेसहाला कोणी दिसेना, तेव्हा त्यांनी वाट धरली. नेमक्या त्याच घाटाची, कारण चिठ्ठीत तो लिहिलेला होता.

राज्यात आज महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारखी यंत्रणा उभी आहे आणि तिचे स्वयंसेवक मध्यरात्रीही दरीत उतरतात. तरीही त्यांना पहिली माहिती द्यायला कोणीतरी हवंच. आरपार गेलेल्या माणसाची वाट दोन्ही गावांत कोणी बघत नाही. फेरीवर गेलेल्याची गाडी अंगणात उभी असते, त्याचं परत न येणं डोळ्यांना दिसतं. उतरायची वाट आधी ठरवायची, ती कोणाच्यातरी हाती देऊन जाण्यासाठी.

त्या रात्री अंगणात पोहोचलो तेव्हा मामी दारातच होत्या. त्यांनी सहा डोकी मोजली. मग देवळीतल्या दिव्याखालची चिठ्ठी काढून चुलीत सारली आणि चहाचं आधण ठेवलं.